एका फुप्फुसावरचे गाणे

१९४८ सालच्या जानेवारीची ३० तारीख. दिल्लीत संध्याकाळच्या प्रार्थनेला निघालेल्या गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सारा देश सुन्न झाला. त्याच दिवशी माळव्यातल्या देवास या लहानशा संस्थानी गावात तेवीस वर्षांचा एक तरुण आपल्या पत्नीसह राहायला आला. लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. तरुणाला क्षय झाला होता. मुंबईची दमट हवा सोडून कोरड्या हवेत जा, पूर्ण विश्रांती घ्या आणि गाणे बंद ठेवा, असे डॉक्टरांचे सांगणे होते. यातली हवा बदलणे एक वेळ सोपे. गाणे बंद ठेवणे मात्र त्या तरुणासाठी जगणे बंद ठेवण्यासारखे होते, कारण वयाच्या सातव्या-आठव्या वर्षापासून त्याने दुसरे काही केलेच नव्हते. तरुणाचे नाव शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. आपण त्यांना कुमार गंधर्व म्हणून ओळखतो.

कुमारांच्या गाण्यावर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते लिहिणारे माझ्याहून कितीतरी अधिकारी आहेत. मला गाण्यातले फारसे कळत नाही. मला लिहायचे आहे ते देवासच्या अंथरुणावरच्या त्या पाच वर्षांबद्दल. माणूस मोठ्या आजाराला कसा सामोरा जातो, उपचार यायच्या आधी शरीर आणि मन कसे राखतो आणि बरा झाल्यावर उरलेल्या शरीरात पुन्हा कसा राहायला लागतो, हे त्या पाच वर्षांत जितके स्पष्ट दिसते तितके मला दुसरीकडे क्वचितच दिसले.

आधी थोडे मागे जायला हवे. कुमारांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगावजवळच्या सुळेभावी या गावी झाला. घर लिंगायत, भाषा कानडी, आणि घरात गाण्याची आवड. मुलगा ग्रामोफोनवर एखादी तबकडी ऐके आणि जशीच्या तशी गाऊन दाखवी. त्या काळातल्या बड्या बड्या उस्तादांच्या आणि बुवांच्या जागा, हरकती, आवाज लावण्याची ढब, सारे त्या कोवळ्या गळ्यातून हुबेहूब बाहेर पडे. एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि तेच नाव झाले. गावोगावी जलसे सुरू झाले. १९३६ साली मुंबईत संगीत परिषद भरली, त्यात हा अकरा-बारा वर्षांचा मुलगा गायला आणि समोर बसलेले जाणते कलावंतही थक्क झाले. त्याच सुमाराला तो प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला राहिला. देवधर मास्तर घराण्यांच्या भिंती न मानणारे. आवाज कसा निर्माण होतो, श्वास कुठून घ्यायचा आणि कसा सोडायचा, याचा त्यांनी डोळसपणे अभ्यास केला होता. नकला करणाऱ्या मुलाला त्यांनी विचार करणारा गवई केले. श्वासाचे हे शिक्षण पुढे किती उपयोगी पडणार होते, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक असणे शक्य नव्हते.

देवधरांच्याच शाळेत शिकणाऱ्या भानुमती कंस यांच्याशी १९४७ साली कुमारांचा विवाह झाला. नाव झाले होते, बैठकी मिळत होत्या, पुढचा रस्ता सरळ दिसत होता. आणि तेवढ्यात क्षयाचे निदान झाले.

आज क्षयावर खात्रीची औषधे आहेत. नेमाने घेतली तर बहुतेक रोगी बरे होतात. त्यामुळे १९४७ साली त्या निदानाचा अर्थ काय होता, हे नव्या पिढीला समजावून सांगावे लागते. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली क्षयाचे जंतू शोधून काढले होते, पण त्यांना मारणारे औषध पुढची साठ वर्षे कुणाच्या हाती लागले नव्हते. रोग्याला आरोग्यधामात ठेवायचे, खिडक्या उघड्या, दूध-अंडी भरपूर, हालचाल कमीत कमी. शरीराला शक्य तितके बळ द्यायचे आणि त्याच्या लढाईचा निकाल लागेपर्यंत थांबायचे, एवढेच वैद्यकाच्या हाती होते. घरात कुणाला क्षय झाला की नाव उच्चारले जात नसे. लग्ने मोडत. रोग्याचे कप-बशी वेगळे होत. आज आपल्याकडे कर्करोगाच्या बाबतीत जे दबल्या आवाजात चालते, ते तेव्हा क्षयाच्या बाबतीत चाले.

हे साम्य मला सुचले ते पुस्तक वाचून नव्हे. मी कासारवाडीत राहतो. पुण्याहून लोणावळ्याला जाणाऱ्या लोकलने दापोडी सोडली की कासारवाडी, आणि पुढचे स्टेशन पिंपरी. माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात तीस वर्षे लेथवर होते. बिडीची सवय जुनी. तीन वर्षांपूर्वी खोकला हटेना म्हणून तपासण्या झाल्या आणि उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात गाठ निघाली. कर्करोग. रोग पसरलेला नव्हता, त्यामुळे तो भाग शस्त्रक्रियेने काढता येईल, असे सर्जनने सांगितले. पण लगेच नाही. आधी महिनाभर तयारी करायची. अण्णांना वाटले, डॉक्टर टाळताहेत. घरात आम्हा सर्वांनाच ते चमत्कारिक वाटले. गाठ अंगात असताना महिनाभर थांबायचे ते कशासाठी?

सर्जनने कागदावर फुप्फुसाचे चित्र काढून समजावले. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग, डाव्याचे दोन. एक भाग काढला तर उरलेल्यांवर भार येणार. साधा बसल्या बसल्या घेतलेला श्वास अर्ध्या लिटरचा असतो. पण ताकद लावून पूर्ण छाती भरली तर निरोगी माणूस चार-साडेचार लिटर हवा आत-बाहेर करू शकतो. म्हणजे निसर्गाने पुष्कळ शिल्लक ठेवलेली असते. ऑपरेशनच्या आधी ही शिल्लक वाढवायची आणि मगच सुरी लावायची. गाठीचा प्रकार आणि तिची अवस्था पाहून किती थांबता येईल ते त्यांनी ठरवले होते; प्रत्येकाला महिना मिळतो असे नाही, हेही त्यांनी सांगितले. बिडी त्या दिवसापासून बंद. रोज चालणे, आधी पंधरा मिनिटे, मग वाढवत पाऊण तास. आमच्या इमारतीचे तीन मजले न थांबता चढणे. तीन रंगीत गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे यंत्र मिळाले. त्याची नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा आणि गोळ्या वर तरंगत ठेवायच्या. उशी छातीशी धरून खोकायचे कसे, तेही आधीच शिकवले, कारण टाके पडल्यावर शिकवून उपयोग नसतो. आहारात प्रथिने वाढवायची. अण्णांच्या गळ्यात माळ, त्यामुळे अंडी-मासळीचा प्रश्नच नव्हता. मग दूध, दही, पनीर, डाळी, मोड आलेली कडधान्ये, शेंगदाणे. दातांची तपासणी करून घ्यायची. शेजारपाजारचे कुणी काढे, भस्मे, कसले कसले रस घेऊन आले तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत, कारण त्यांतले काही यकृताला त्रास देते, काही रक्त पातळ करते, काही औषधांच्या कामात अडथळा आणते. फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेआधी असा श्वासाचा आणि चालण्याचा व्यायाम केलेल्यांना नंतर न्यूमोनियासारखा त्रास कमी होतो, हे अलीकडच्या अभ्यासांतून चांगले दिसून आले आहे.

अण्णांनी व्यायाम केला, बिडी सोडली, पण मन लागेना. अर्ध्या छातीने माणूस जगतो का, हा एकच धोशा. तेव्हा माझ्या कपाटातल्या जुन्या कॅसेटी आठवल्या. कुमारांची निर्गुणी भजने अण्णांनी रेडिओवर ऐकलेली होती. ही भजने गाणाऱ्याचे एक फुप्फुस क्षयाने जवळजवळ निकामी झालेले होते, हे मात्र त्यांना माहीत नव्हते. त्यांनी ते प्रथम खरेच मानले नाही. मग ते एकदम ताठ बसून ऐकू लागले. त्या महिन्यात मी कुमारांविषयी मिळेल ते वाचले आणि संध्याकाळी अण्णांना सांगत गेलो. पुढचे लिखाण त्यातूनच झाले आहे.

देवास हे गाव कुमारांनी निवडले त्याला कारणे होती. हवा कोरडी. एकाच गावात पवार घराण्याच्या थोरल्या आणि धाकट्या पातीची दोन संस्थाने, त्यामुळे मराठी माणसांचा वावर आणि गाण्याचा शौक. उस्ताद रजबअली खाँसाहेब तिथलेच. रामूभैया दात्यांसारखे गाण्यावर जीव टाकणारे स्नेही माळव्यातच होते. आजारी माणसाला हवा लागते, अन्न लागते, तसे चार जिव्हाळ्याचे लोकही लागतात. पुढे इंदूरहून राहुल बारपुते, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे मित्र जोडले गेले. पण १९४८ साली मुंबई सोडून तिथे जाणे म्हणजे वाढत्या नावावर पाणी सोडणे होते. गवयाचे नाव बैठकींवर टिकते. दोन वर्षे दिसला नाही तर लोक विसरतात, पाच वर्षांत तर नवे कितीतरी येतात.

या पाच वर्षांत घर चालवले ते भानुमतीबाईंनी. त्यांनी देवासला शाळेत नोकरी धरली. त्या स्वतः गाणे शिकलेल्या, शिकलेल्या घरातल्या, तरुण. नव्या नवरीच्या संसारात त्यांच्या वाट्याला आले ते थर्मामीटर, पथ्यपाणी, वेळच्या वेळी दूध, शाळेची घंटा आणि रात्रीचा खोकला. क्षय संसर्गाने होतो, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. कुमारांच्या पुनर्जन्माच्या कहाण्या सांगताना पुष्कळदा सगळे श्रेय कुमारांच्या मनोधैर्याला दिले जाते. मला ते अपुरे वाटते. मनोधैर्य राहण्यासाठी चूल पेटती असावी लागते, आणि ती पेटती ठेवणारी व्यक्ती बहुतेक वेळा घरातली बाई असते. अण्णांच्या आजारात वहिनींचे वजन सहा किलोंनी उतरले. ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही फार उशिरा आले.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दिवसाचे काय होते? सुरुवातीचे महिने मन सारखे मागे धावते. मी कोण होतो, काय काय व्हायचे राहिले. मग पुढे धावते. किती दिवस उरले. या दोन्हींच्या मधली जागा, म्हणजे आजचा दिवस, रिकामी राहते आणि ती भीतीने भरते. कुमारांना गाता येत नव्हते. पण ऐकता येत होते. आजाराने गळा बंद केला, कान बंद केले नव्हते. खिडकीबाहेर पाखरे होती, माळव्याचा पाऊस होता, रस्त्याने जाणारे फेरीवाले होते, आणि बायका होत्या. लग्नाला, बारशाला, सणाला, पेरणीला गाणाऱ्या माळवी बायका. त्यांची गाणी चार-पाच स्वरांत फिरणारी, साधी, पण त्यांत काहीतरी असे होते की कुमार ते मनाशी घोळवू लागले. शास्त्रीय संगीतातले कोणते राग या धुनांतून उगवले असतील? एखादी धून अशी आहे का, की जिच्यातून अजून कुणी राग काढलेला नाही?

दारावरून नाथपंथी भजने गात जाणारे येत. देवासला शीलनाथ महाराजांची धुनी आहे. तिथे कबीर, गोरखनाथ यांची पदे चालत. ही पदे गाणारे काही गवई नव्हते. एकतारी किंवा खंजिरी, मोकळा आवाज, आणि ऐकणारा आहे की नाही याची पर्वा नाही. मैफलीत वाहवा घेत वाढलेल्या कुमारांना हे वेगळेच काही ऐकू आले असले पाहिजे. पुढे त्यांनी निर्गुणी भजनाला जी जागा दिली, तिचे मूळ या आजारपणात आहे.

मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. मन खंबीर ठेवा, असे आपण आजारी माणसाला सहज सांगतो आणि उठून घरी जातो. पण खंबीर ठेवायचे म्हणजे करायचे काय, ते कुणी सांगत नाही. रडायचे नाही? भीती वाटत असली तरी हसायचे? कुमारांनी तसे काही केलेले दिसत नाही. त्यांनी मनाला एक काम दिले. ते काम आजारपणात करता येण्याजोगे होते आणि आजार बरा झाला नसता तरी वाया गेले नसते. मी अण्णांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला बसवून लेथवरच्या कामाची मापे, कोन, हत्यारांना धार लावण्याच्या रीती एका वहीत उतरवून घ्यायला सुरुवात केली. वही ऑपरेशनपर्यंत अर्धी झाली होती.

आता औषधाची गोष्ट. ती नीट सांगायला हवी, कारण इथेच कहाणी चुकीच्या वळणाने सांगितली जाते. अमेरिकेत सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण संशोधकाने १९४३ साली मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले. क्षयाच्या जंतूंना मारणारे हे पहिले परिणामकारक औषध. इंग्लंडात त्याची काटेकोर चाचणी झाली आणि १९४८ साली, म्हणजे कुमार देवासला आले त्याच वर्षी, तिचे निष्कर्ष छापून आले. औषध एकटे दिले तर काही महिन्यांत जंतू त्याला दाद देईनासे होतात, म्हणून जोडीला दुसरे औषध द्यावे लागते, हेही लवकरच समजले. आपल्या देशात ते परदेशातून येई, आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे. १९५२च्या सुमाराला कुमारांवर स्ट्रेप्टोमायसिनचे उपचार झाले. रोग हटला. एका फुप्फुसाचे झालेले नुकसान मात्र भरून आले नाही.

तेव्हा कुमार गाण्याच्या ओढीने बरे झाले, इच्छाशक्तीने क्षयावर मात केली, हे म्हणणे खरे नाही. त्यांना औषधाने बरे केले. त्याच वर्षांत त्यांच्याइतकीच जगण्याची ओढ असलेली हजारो तरुण माणसे या देशात क्षयाने गेली. औषध त्यांच्यापर्यंत पोहोचले नाही एवढाच फरक. कर्करोगाच्या बाबतीतही हेच. मनोवृत्तीने आयुष्य वाढते का, यावर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. लढाऊ मनामुळे गाठ विरते असा भरवशाचा पुरावा त्यांतून हाती आलेला नाही. ज्याचा आजार हटला नाही, त्याचे मन कमी पडले असे म्हणणे त्या माणसावर आणि त्याच्या घरच्यांवर अन्याय आहे. मन तयार असले तर उपचार पुरे होतात, झोप लागते, जेवण जाते, आणि आलेला दिवस आपला राहतो. हे काही थोडे नाही.

आमच्या शेजारच्या पिंपरीला या गोष्टीशी थोडे नाते आहे. परदेशातून येणाऱ्या या औषधांवर किती काळ अवलंबून राहायचे, या विचाराने केंद्र सरकारने १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना केली. १९५५ साली तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि साठच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिनही. आमच्या भागातली जुनी माणसे त्याला अजून पेनिसिलिनचा कारखाना किंवा नुसते एचए म्हणतात. ज्या कुपीसाठी कुमारांसारख्यांना परदेशी बोटींची वाट पाहावी लागली, ती नंतरच्या रोग्यांसाठी कासारवाडीच्या पुढच्या स्टेशनावर भरली जात होती. या कारखान्याने किती घरे वाचवली याचा हिशेब कुणी मांडलेला मला माहीत नाही.

१९५३ साली कुमार पुन्हा मैफलीत बसले. जे गाणे बाहेर आले ते आधीचे नव्हते. लांबलचक ताना, एका दमात सारा सप्तक पालथा घालणे, हे त्या काळातले भल्याभल्यांचे भांडवल. ते त्यांच्यापाशी आता तितके नव्हते. त्यांनी छोटे तुकडे घेतले. एक स्वरवाक्य म्हणायचे आणि थांबायचे. त्या थांबण्यात तानपुरे बोलत. म्हणून तानपुरे इतके नेटके जुळवायचे की गवई गप्प असला तरी गाणे चालू राहावे. जुळवणीला लागणारा वेळ ही त्यांच्या मैफलीची ओळखच झाली. मग एकाएकी वरच्या षड्जावर असा स्वच्छ, टोकदार सूर फेकायचा की मागच्या रांगेतला माणूस सावरून बसे. पुन्हा अगदी हळू, कानात सांगितल्यासारखे.

यावरून मोठा वाद झाला. काही जाणकारांनी म्हटले की हे गाणे तुटक आहे, परंपरेला सोडून आहे. काहींनी दया दाखवली: फुप्फुस नाही, करणार काय बिचारा. दुसरा पक्ष म्हणाला की हे सारे विचारांतून आले आहे, आजाराचा त्याच्याशी संबंध नाही. खुद्द कुमारांना आपल्या गाण्याचे श्रेय फुप्फुसाला दिलेले रुचत नसे, आणि ते समजण्यासारखे आहे. माझ्या अल्प समजुतीप्रमाणे दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आहेत. एक फुप्फुस गेलेले गवई आणखीही झाले असतील, त्यांनी गाणे सोडले. छोट्या दमाचे गाणे रचायला आधी डोके लागते. पण ते डोके त्या दिशेला वळायला शरीराने काढलेली मर्यादेची रेघही लागली असेल. ते पूर्वीच्या कुमार गंधर्वाची नक्कल करत बसले नाहीत. लहानपणी साऱ्या जगाची नक्कल करणाऱ्या या माणसाने स्वतःची नक्कल करायचे मात्र नाकारले.

बरे होणे म्हणजे पूर्वीसारखे होणे, अशी आपली समजूत असते. अण्णांचे ऑपरेशन झाल्यावर पहिले चार महिने घरात याच एका गोष्टीवरून ताण होता. जखम भरली, रिपोर्ट चांगले आले, मग हे अजून दमतात का? दुपारी झोपतात का? भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना मध्ये थांबतात का? कर्करोगाच्या उपचारांनंतरचा थकवा वेगळा असतो, झोपून जात नाही आणि कित्येक महिने राहू शकतो, हे डॉक्टरांनी सांगितले तेव्हा घर शांत झाले. थोडे थोडे चालत राहणे हाच त्यावरचा त्यातल्या त्यात चांगला उपाय निघाला. आता अण्णा दुसऱ्या मजल्यावर एकदा थांबतात, कठड्यावर हात ठेवतात, आणि पुढे चढतात. ठरलेल्या तारखांना तपासणी चालू आहे.

कुमारांनी अंथरुणावर ऐकलेले सारे पुढे बाहेर आले. माळव्याच्या लोकधुनांवरून त्यांनी नवे राग बांधले. त्यांना धुनउगम राग असे नाव दिले. मालवती, लगनगांधार, सहेली तोडी, अहिमोहिनी, मघवा अशी त्यांची नावे. एक गांधीमल्हारही त्यांनी रचला. माळव्याच्या लोकगीतांचा स्वतंत्र कार्यक्रम त्यांनी मंचावर आणला. १९६५ साली त्यांच्या बंदिशींचा अनूपरागविलास हा ग्रंथ आला. पावसाची गाणी घेऊन गीतवर्षा, कबीर-सूर-मीरा घेऊन त्रिवेणी, बालगंधर्वांचा आपल्याला लागलेला अर्थ सांगणारा कार्यक्रम, तांब्यांच्या कवितांचा, तुकारामांचा, तुलसीदासांचा. एका निरोगी माणसाला दमवील एवढे काम. बैठक घेताना ते तब्येतीला जपत.

पण दुःख एकदा येऊन गेले म्हणून पुन्हा येत नाही असे नसते. ज्या भानुमतीबाईंनी मरणाच्या दारातून नवऱ्याला परत आणायला पाच वर्षे खर्ची घातली, त्या १९६१ साली धाकट्या मुलाच्या बाळंतपणात गेल्या. थोरला मुकुल तेव्हा लहान होता. पुढच्या वर्षी कुमारांनी वसुंधरा श्रीखंडे यांच्याशी विवाह केला. त्याही देवधर मास्तरांच्या परंपरेतल्या. वसुंधराताईंनी मुले सांभाळली, मैफलीत मागे बसून साथ केली, आणि त्यांची कन्या कलापिनी हिने पुढे ते गाणे चालवले. कुमारांना १९७७ साली पद्मभूषण आणि १९९० साली पद्मविभूषण मिळाले. मुंबई-पुण्याहून बोलावणी येत राहिली, पण राहायचे ठिकाण त्यांनी बदलले नाही. आजारपणासाठी म्हणून आलेले गाव कायमचे झाले.

१२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचे निधन झाले. वय सदुसष्ट. आजारातून उठल्यावर ते एकोणचाळीस वर्षे गायले. माताजीच्या टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या घरी आजही गाण्यावर प्रेम करणारी माणसे जातात. त्या घराचे नाव भानुकुल.